इतकं वाचूनही माणसाच्या वागण्यात फरक का पडत नाही?

प्रश्नात तुम्ही वाचन आणि ज्ञान एकच धरलंय. गडबड तिथेच आहे, असं मला वाटतं.

न्यायदर्शन या भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखेत ज्ञानाची चार साधनं आहेत: प्रत्यक्ष (स्वतः अनुभवलेलं), अनुमान (तर्काने काढलेलं), उपमान (साम्यावरून कळलेलं) आणि शब्द (विश्वासू माणसाने सांगितलेलं). चार्वाक हे जडवादी फक्त प्रत्यक्ष मानतात; दिङ्नाग, धर्मकीर्ती हे बौद्ध आचार्य प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच. पुस्तकातून येतं ते बहुतेक 'शब्द', दुसऱ्याच्या भरवशावर घेतलेलं. ते खोटं नसतं, पण अजून आपलं झालेलं नसतं. माझे आजोबा नागपूरच्या कळमना बाजारात संत्रं नुसतं तळहातावर तोलून सांगायचे, रसाळ आहे की फोपसं. मृग बहार, आंबिया बहार हे संत्र्याचे हंगाम मलाही पाठ होते. हाताला मात्र काही कळायचं नाही.

मूल्यांचं प्रकरण याहून अवघड. समता चांगली, हे शाळेत सगळेच लिहितात. पण घरकामाला येणाऱ्या मावशींचा कप वेगळा ठेवणारी घरं मी नागपुरातच पाहिली आहेत, आणि ती माणसं भरपूर शिकलेली होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आज जिथे दीक्षाभूमी आहे तिथे लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली, तेव्हा नुसतं तत्त्वज्ञान सांगून ते थांबले नाहीत. २२ प्रतिज्ञा लोकांकडून म्हणवून घेतल्या. मी हे करीन, हे करणार नाही, असं ज्याच्या त्याच्या तोंडून. मला त्यात माणसाच्या मनाची फार खोल जाण दिसते.

वाचलेल्यातलं एकच वाक्य घ्या आणि आठवडाभर घरात तसं वागून बघा. कपापासून सुरुवात केलीत तरी चालेल.