रस्ते कसे बिघडतात हे शिकून मुलाचं काय होणार?

इंदूरच्या राजेंद्र नगरमधून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगा सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला, मार्क बरे. शेवटच्या वर्षाला त्याला प्रोजेक्ट करायचाय तो रस्त्याचं डांबर वर्षागणिक कसं बिघडत जातं त्याचं मॉडेल बनवायचा. वडील लिहितात, "आम्ही ठरवलंय की त्याने कोडिंगचा कोर्स करून आयटीत जावं. रस्ते ठेकेदार पैसे खातात म्हणून खराब होतात, त्यात शिकण्यासारखं काय आहे? तुम्ही त्याला समजवा."

भाऊसाहेब, तुमच्या दीड पानाच्या पत्रात "आम्ही ठरवलंय" चार वेळा आलंय, आणि मुलाला हा विषय का आवडतो याबद्दल एक ओळ नाही. मध्येच तुम्ही सहज लिहून गेलात की तो हल्ली ताट उचलून खोलीत जाऊन जेवतो. माझा जीव तिथे अडकला. साडूच्या मुलाचं पॅकेज जेवताना रोज ऐकवलं तर कोणीही ताट उचलेल. तुमची पगाराची काळजी खोटी नाही, पण ती तुम्ही त्याच्यासमोर काळजी म्हणून मांडलीच नाहीत, थेट निकाल सुनावलात.

आता ठेकेदाराचं. पैसे खाल्ले तर रस्ता लवकर जातो हे खरंच, पण एकदम चोख बांधलेला रस्ताही म्हातारा होतो, आणि त्याची चाल मोजता येते. आपल्या माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरचा रस्ता तिच्याबरोबर हलतो, भेग पडते, भेगेतून पाणी खाली मुरतं, पाया मऊ पडतो आणि मग ट्रक येतो. १९५८ ते १९६० मध्ये अमेरिकेत इलिनॉयमधल्या ओटावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रक फिरवून बघितलं, तेव्हा कळलं की ॲक्सलवरचा, म्हणजे दोन बाजूंची चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचा, भार दुप्पट केला तर नुकसान दुप्पट नाही, साधारण १६ पट होतं. रस्ता सुरुवातीची काही वर्षं हळूहळू उतरतो आणि मग धाडकन कोसळतो, म्हणून तो बरा दिसत असतानाच भेगा भरल्या तर खर्च खूप कमी येतो. ती वेळ नेमकी कधीची, हे तुमच्या मुलाला शोधायचंय.

आणि हे कोडिंगच आहे हो! समजा यंदा रस्त्याचे चांगल्या अवस्थेतले १०० तुकडे आहेत, पुढच्या वर्षी ८५ तसेच राहतील, १५ मध्यम होतील, मग त्यातले काही खराब, असा हिशोब पुढे पुढे चालवायचा, याला मार्कोव्ह साखळी म्हणतात. ॲरिझोना राज्याने १९८० च्या सुमारास याच पद्धतीने दुरुस्तीचं बजेट ठरवायला सुरुवात केली. पायथन, स्टॅटिस्टिक्स, मॅप सगळं त्याला शिकावंच लागेल, म्हणजे उद्या आयटीत जावंसं वाटलं तरी दार बंद होत नाही. सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा कमी असू शकतो, ते मी लपवत नाही.

आणि सिव्हिलमध्येच राहायचं तर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन ट्रान्सपोर्टेशनमध्ये एमटेक, किंवा इंजिनिअरिंग सर्व्हिसच्या परीक्षा, हे मार्ग तुम्हाला माहीतच असतील.

तर मुलाला मी समजावणार नाही, पण त्याच्याशी दोन शब्द बोलतो. बाळा, नुसत्या लॅपटॉपवर बसून हे मॉडेल होत नाही, इंटरनेटवरून परदेशचा डेटा उचलून इंदूरच्या रस्त्याला चिकटवलास तर तो प्रोजेक्ट फुकट. घराजवळचा १०० मीटरचा तुकडा धर. मोजायची टेप आणि खडू घेऊन सकाळी लवकर जा, गाड्या कमी असतात. चाकांच्या रेषेत मगरीच्या पाठीसारखी भेगांची जाळी दिसेल, तिची लांबी-रुंदी मोज, फोटो काढ, पाणी कुठे साचतं ते लिही. पावसाआधी एकदा आणि पावसानंतर परत तोच तुकडा.

भाऊसाहेब, टेपचं दुसरं टोक धरायला त्याला कोणीतरी लागेल, तुम्ही जा. पॅकेजचा विषय त्या दिवशी काढू नका.