ड्राय फ्लाय टाकण्याआधी

आपल्या मासेमारी क्लबच्या हिवाळी बैठकांना तुम्ही केवळ चहापाण्यासाठी येऊ नये, असे मला वाटते; तिथे जुने सभासद गळावर पिसे आणि दोरा गुंडाळून किड्यांसारख्या दिसणाऱ्या नकली माशा बांधत असतात, आणि त्यांच्या शेजारी बसून तो हात पाहिल्याशिवाय गळाच्या आकड्यांचे गणित कळत नाही. (सोळा नंबरचा गळ चौदापेक्षा लहान असतो, हे मला स्वतःला फार उशिरा उमगले.)

इंग्लंडच्या हॅम्पशायरमधील टेस्टसारख्या, खडूच्या खडकातून झिरपून आलेल्या नितळ नदीवर मेअखेरीस मेफ्लाय (पाण्यातून बाहेर पडणारा नाजूक किडा) उडू लागली की ट्राउट मासा पृष्ठभागावर येऊन खातो, आणि तेव्हाच घाई करणारा फसतो. आधी काठापासून जरा दूर, गुडघे टेकून बसावे आणि मासा नेमका कुठे वर येतो ते पाहावे. मग त्याच्या मागून, प्रवाहाच्या वरच्या दिशेने, ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी नकली माशी, त्याच्यापुढे दोन-तीन फुटांवर अलगद उतरवावी. दोर ताणला जाऊन माशी पाण्यावर रेघ ओढू लागली, तर मासा तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, म्हणून दोर थोडा सैल पडू द्यावा. त्याने माशी घेतल्यावर लगेच हिसका न देता, तो तोंड मिटून खाली वळेपर्यंत थांबावे. भिजलेली माशी पुसून, कोरडी करून तिला पुन्हा तेलकट लेप लावावा.