एलिझाबेथकालीन इंग्रजी कानाला कसे लागत असे?

प्रश्न : पहिल्या एलिझाबेथ राणीवरील चित्रपटांत दरबारी मंडळी आजच्या लंडनमधील वृत्तनिवेदकांसारखे घोटीव इंग्रजी बोलतात. त्या काळी लोक खरोखर असे बोलत होते का? आणि ध्वनिमुद्रण नसताना तेव्हाचे उच्चार कसे कळतात?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तसे बोलत नव्हते. राणीची कारकीर्द १५५८ ते १६०३ अशी होती, आणि शब्दाच्या मध्याचा किंवा शेवटचा ‘र’ गिळण्याची लंडनी लकब अठराव्या शतकात रूढ होत गेली. एलिझाबेथच्या काळात ‘फार्म’, ‘फादर’ या शब्दांतील ‘र’ ऐकू येई. शेक्सपिअरचा समकालीन नाटककार बेन जॉन्सन याने आपल्या इंग्रजी व्याकरणात या ध्वनीच्या अक्षराला गुरगुरण्यावरून ‘कुत्र्याचे अक्षर’ म्हटले आहे. शब्दाच्या आरंभी ते ठसठशीत आणि पुढे काहीसे मऊ उच्चारले जाते, अशीही नोंद तो करतो.

स्वरही निराळे होते. आजचा लंडनकर ‘नेइम’, ‘बोउट’ असे जोडस्वर काढतो, तेथे त्या काळी सरळ, लांबवलेले ‘ए’ आणि ‘ओ’ असत. म्हणजे आपण ज्या ‘बोट’, ‘कोट’ उच्चारांबद्दल उगीच ओशाळतो, ते या एका बाबतीत शेक्सपिअरला आजच्या लंडनपेक्षा जवळचे वाटले असते; अर्थात हा निव्वळ योगायोग आहे.

पुरावा मुख्यतः यमके, कोट्या आणि तत्कालीन लेखकांच्या नोंदी यांतून मिळतो. शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा’ या नाटकाच्या पहिल्या भागात फॉलस्टाफ या पात्राला कारण विचारले जाते, तेव्हा तो म्हणतो की कारणे रानातल्या ब्लॅकबेरींइतकी मुबलक असली तरी जबरदस्तीने मी एकही देणार नाही. कारणांची तुलना फळांशी कशासाठी, असा प्रश्न आज पडतो. पण तेव्हा ‘रीझन’चा उच्चार ‘रेझन’ असा, म्हणजे मनुकेसाठी असलेल्या शब्दासारखाच होता, हे कळले की कोटी उलगडते. त्याचप्रमाणे शेक्सपिअरच्याच ११६व्या सुनीतात ‘प्रूव्ह्ड’ आणि ‘लव्ह्ड’ यांचे यमक आहे, ते आज जुळत नाही. शिवाय जॉन हार्ट याने १५६९ मध्ये, लिहिणे बोलण्याबरहुकूम असावे असा आग्रह धरणारे पुस्तक काढले. त्यासाठी त्याने स्वतःची चिन्हे योजली, आणि ती आता अभ्यासकांना फार उपयोगी पडतात.

मात्र सर्वांची बोली एक नव्हती. १५८९ साली निघालेला एक काव्यशास्त्राचा ग्रंथ कवींना दरबाराची, लंडनची आणि भोवतालच्या साठ मैलांतील भाषा वापरण्याचा सल्ला देतो. असा सल्ला द्यावा लागला, यातच सर्व आले. राणीच्या मर्जीतील सर वॉल्टर रॅली मरेपर्यंत आपल्या डेव्हन परगण्याच्या गावरान वळणाने बोलत असे, ही आठवण सतराव्या शतकातील चरित्रलेखक जॉन ऑब्रे याने टिपून ठेवली आहे.

याच रॅलीच्या खटल्यात त्या काळातील आणखी एक खूण दिसते. इंग्रजीत तेव्हा ‘दाऊ’ आणि ‘यू’ हा भेद जिवंत होता आणि तो बराचसा आपल्या ‘तू’ आणि ‘तुम्ही’सारखा होता: देवाला, जिवलगाला, नोकराला ‘दाऊ’, आणि अपमान करायचा असला तरी ‘दाऊ’च. राणीच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, नोव्हेंबर १६०३ मध्ये, सरकारी वकील एडवर्ड कोक याने भर न्यायालयात रॅलीला, देशद्रोह्या, मी तुला अरेतुरेच करतो, अशा अर्थाचे वाक्य सुनावले. हे वाक्य मराठी वाचकाला जितके चटकन लागते, तितके आजच्या इंग्रजाला लागत नाही.

त्या इंग्लंडातून एक माणूस आपल्याकडेही आला होता. विल्टशरचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि पुढे त्यांनी मराठी ओव्यांत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १५८३ मध्ये भावाला पाठवलेल्या पत्रात, इकडच्या भाषांचे उच्चार कानाला वाईट लागत नाहीत आणि त्यांची रचना लॅटिन-ग्रीकसारखी आहे, असे त्यांनी कळवले होते.