बाण्याच्या तुटी, पी ०.५२ आणि मधे पडलेला पाऊस

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, ८ यंत्रमाग. बाण्याला (म्हणजे आडव्या धाग्याला) आजवर एका व्यापाऱ्याचे सूत. आता दुसरा आलाय, किलोमागे ६ रुपये जास्त मागतोय आणि ‘माझं तुटतच नाही’ म्हणतोय. तुम्ही आठही मागांवर एकेक पाळी जुने आणि एकेक पाळी नवे सूत चालवले, बाणा किती वेळा तुटला ते लिहून ठेवले, एक्सेलमध्ये टी-टेस्ट (दोन सरासऱ्यांची तुलना करणारी चाचणी) लावली. पी, म्हणजे सुतांत फरक नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता, ०.५२ आला. म्हणजे दोन्ही सुते सारखीच समजायची का?

नाही. पण नवे सूत चांगले आहे असेही लगेच म्हणू नका.

आधी एवढे मोजलेत याबद्दल शाबासकी. सूत चिमटीत धरायचे, झटका देऊन तोडायचे आणि मान हलवायची, एवढ्यावर लाखांची खरेदी होताना मी पाहिली आहे. तुमचे आकडे मागांच्या क्रमाने पुन्हा लिहितो:

जुने सूत: १४, २२, ९, ३१, १७, १२, २६, १९
नवे सूत: १२, १९, ८, २७, १५, १२, २२, १७

सरासरी १८.७५ आणि १६.५, फरक सव्वादोन तुटींचा. आता एकच ओळ आडवी वाचा. जुन्याच सुतावर तिसरा माग ९ वेळा थांबला आणि चौथा ३१ वेळा. माग-मागातला हा फरक इतका मोठा आहे (प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, ७ च्या वर) की त्या गोंगाटात सव्वादोन ऐकूच येत नाही. तुम्ही वापरलेली चाचणी असे धरून चालते की जुन्या सुताचे ८ माग वेगळे आणि नव्या सुताचे ८ माग वेगळे, एकमेकांशी संबंध नसलेले. तुमच्याकडे तर तेच आठ माग दोनदा चालले आहेत!

मग तुलना माग-मागाची स्वतःशीच करायची. जुन्यातून नवे वजा करा: २, ३, १, ४, २, ०, ४, २. आता हे आठ फरक हाच तुमचा नमुना. सरासरी तीच २.२५, पण प्रमाण विचलन फक्त १.३९. त्याला ८ च्या वर्गमुळाने भागले की ०.४९, आणि २.२५ भागिले ०.४९ म्हणजे टी साधारण ४.६. स्वातंत्र्यांश (आठ फरकांतून एक वजा) ७ धरून पी ०.००३ च्या आसपास येतो. आकडे तेच, सरासरी तीच, फक्त जोडी मोडली नाही.

एक्सेलमध्ये चूक कुठे झाली तेही सांगतो. टी.टेस्टच्या शेवटच्या खान्यात १ घातला तर जोडीची चाचणी, २ घातला तर दोन स्वतंत्र नमुने व प्रमाण विचलन समान, ३ घातला तर स्वतंत्र पण विचलन असमान. तुम्ही २ घातलाय. (पुढे कधी खरोखर स्वतंत्र नमुने असतील तर डोळे झाकून ३ घाला. विचलन समान आहे का हे आधी तपासत बसण्यात मला काही अर्थ वाटत नाही.)

‘मोजणीचे आकडे आहेत, नॉर्मल (घंटेच्या आकारात पसरलेले) नाहीत, म्हणून मान-व्हिटनी (आकड्यांऐवजी त्यांच्या क्रमांवर चालणारी चाचणी) लावा’ असा सल्ला तुम्हाला मिळालाय. हेतू चांगला, पण मान-व्हिटनीसुद्धा स्वतंत्र नमुन्यांसाठीच आहे. जोडी तीही मोडणार, आणि मी करून पाहिले तर पी अर्ध्याच्या वरच येतो. नॉर्मलची काळजी असेल तर विल्कॉक्सनची चिन्हांकित क्रमांची चाचणी लावा, ती जोडीच्या फरकांवरच चालते. तीही नको असेल तर नुसती चिन्हे मोजा. सहाव्या मागावर फरक शून्य, तो बाजूला ठेवला तर उरलेल्या ७ पैकी सातही मागांवर नवे सूत कमी तुटले. नाणे सात वेळा उडवून सातही वेळा एकच बाजू पडण्याची शक्यता १२८ त २, म्हणजे ०.०१६. हे तुम्ही कारखान्यातल्या कुणालाही चहाच्या टपरीवर समजावू शकाल.

जोडीची युक्ती जुनीच आहे. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात विल्यम गॉसेट नावाचा माणूस बार्लीच्या मोजक्या नमुन्यांवरून निर्णय कसे घ्यायचे याचा विचार करत होता. १९०८ मध्ये त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लेख लिहिला, त्यातून पुढे आपली टी-टेस्ट आली. त्या लेखातले गाजलेले उदाहरण तुमच्यासारखेच आहे: १० रुग्ण, प्रत्येकाला झोपेची दोन औषधे, आणि हिशेब प्रत्येक रुग्णाच्या फरकाचा. एखाद्याला मुळातच झोप कमी, एखाद्याला जास्त. जसे तुमचे माग.

आता खरी अडचण. तुम्ही जाता जाता लिहिले आहे की जुने सूत मेच्या शेवटच्या आठवड्यात चालवले आणि नव्या सुताचे कोन (गुंडाळ्या) उशिरा आल्यामुळे ते मृगाचा पाऊस झाल्यावर. ते वाक्य मी तीनदा वाचले. सोलापूरचा मे म्हणजे चाळीसच्या वर पारा आणि ओठ फुटतील अशी कोरडी हवा. सुती धाग्यात ओलावा असला की त्याची ताकद वाढते, कोरडा पडला की तो ठिसूळ होतो. विणकामाच्या शेडमध्ये हवा दमट ठेवतात ती याचसाठी. म्हणजे आठही मागांवर तुटी कमी झाल्या त्या सुतामुळे की पावसामुळे, हे तुमच्या आकड्यांतून कळायला मार्गच नाही. ०.००३ एवढेच सांगतो की दोन आठवड्यांतला फरक योगायोगाचा वाटत नाही. फरक कशामुळे, हे कुठलीच चाचणी सांगत नाही.

मी हे शहाणपणाने सांगत नाही, ठेच लागून सांगतोय. नोकरीच्या सुरुवातीला मी अशीच तुलना करून कागद घेऊन नाचत होतो. आमचा जॉबर (माग दुरुस्त करणारा कारागीर) शांतपणे म्हणाला, “काय बे, पाऊस पडला की माग आपोआप गप बसतो, त्याला तुझा कागद कशाला?” त्याच वर्षी दुसरी चूकही केली. एकाच मागावरून ओळीने उतरलेले २० टॉवेल तोलले आणि नमुना २० चा म्हणून मिरवला. माग एक, बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) एक, पाळी एक. खऱ्या अर्थाने तो नमुना जवळजवळ एकाचाच होता.

तेव्हा पुन्हा करा, बाण्याचे सूत बदलायला बीम उतरवावा लागत नाही, कांड्या (बाण्याचे सूत गुंडाळलेल्या नळ्या) बदलल्या की झाले. आठ मागांच्या चिठ्ठ्या टाका. पहिल्या चार निघतील त्यांवर सोमवारी दिवसपाळीत जुने, बाकी चारांवर नवे. मंगळवारी दिवसपाळीतच उलट. दिवस-रात्र मिसळू नका, रात्री तुटी कमी होतात की कमी लिहिल्या जातात हे देवालाच ठाऊक. माग चालवणारा माणूस दोन्ही दिवशी तोच हवा. कांड्यांवर फक्त लाल-निळी खूण करा आणि कुठली कुणाची ते तुमच्यापाशीच ठेवा, कारण मालकाला काय आवडेल हे तुटी लिहिणाऱ्याला बरोबर कळते. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या तर प्रत्येक मागाच्या फरकांची सरासरी काढा. नमुना तरीही ८ चाच, २४ चा नाही.

आणि निर्णय पी वर घेऊ नका. आताच्या आकड्यांवरून ९५ टक्के विश्वास अंतराल (खरा फरक ज्यात असावा असा पट्टा) पाळीमागे १.१ ते ३.४ तुटी असे निघते. नव्या फेरीतही असेच काही आले, तर एक तूट जोडून माग पुन्हा सुरू व्हायला किती वेळ जातो ते घड्याळ लावून बघा, आणि दोन्ही टोकांचा हिशेब ६ रुपयांच्या शेजारी मांडा. १.१ वरही परवडत असेल तर घ्या. ३.४ वरही परवडत नसेल तर व्यापाऱ्याला चहा पाजून पाठवा. मधेच अडकलात तर आणखी फेऱ्या करा किंवा भाव पाडून मागा.

तोवर एक काम आजच करा. चौथा माग जॉबरला दाखवा. दोन्ही सुतांवर त्याचाच बाणा सगळ्यांत जास्त तुटतोय, ३१ आणि २७. ते सुताचे दुखणे नाही.