सही पत्नीची, शरीर तुमचं

तुमचं पत्र वाचलं. मधुमेहामुळे लिंगाची ताठरता गेली, गोळ्या-इंजेक्शनांनी काही झालं नाही, म्हणून पंपाचं इम्प्लांट बसवायचं ठरलं. तुम्ही भुलीखाली असताना डॉक्टर बाहेर आले, ‘पंप बसत नाही, रॉड टाकतो’ म्हणाले आणि पत्नीची सही घेतली. आता २० महिन्यांनी रुग्णालय तोच कागद पुढे करतंय. इतके दिवस लाजेपायी तुम्ही हे मनात ठेवलंत याचं वाईट वाटलं. लाजावं असं तुम्ही काहीच केलेलं नाही.

ती सही म्हणजे तुमची संमती नव्हे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा (२००८) या खटल्यातही रुग्ण भुलीखाली होती आणि संमती घेतली होती आईची. सर्वोच्च न्यायालयाने ती धरली नाही. जिवावर बेतलेलं नसेल, तर सज्ञान रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं. तुमच्या जिवावर काही बेतलं नव्हतं. आणि फरक किरकोळ नाही: पंपाचं इम्प्लांट हवं तेव्हा फुगवता, सैल करता येतं, रॉड कायम कडकच, नुसता वाकवून ठेवायचा.

तरी रुग्णालयाची बाजू अगदीच लंगडी समजू नका. आतली ऊती कडक झाली असेल तर पंपाच्या नळ्या बसवणं अवघड जातं, आणि पुन्हा ऑपरेशन म्हणजे संसर्गाचा धोका, असं ते म्हणतील. तुम्ही स्वतः सही केलेल्या फॉर्मवर ‘गरज पडल्यास दुसऱ्या प्रकारचं इम्प्लांट’ अशी ओळ आहे का, ते आधी बघा. असली तर दावा कमजोर होतो. पण ती ओळ तुम्हाला समजावून सांगितली होती का, हा प्रश्न उरतोच.

म्हणून सगळी कागदपत्रं लेखी अर्ज देऊन मागा आणि अर्जाची पोच घ्या. ७२ तासांत ती द्यावी लागतात. ऑपरेशनच्या नोंदीत इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर असतं. त्यावरचा प्रकार बिलाशी ताडून पाहा.

ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत २ वर्षांची, म्हणजे तुमच्या हातात चारच महिने आहेत. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. नाव उघड होऊ नये म्हणून सोबत वेगळा अर्ज द्या.

आणि दुखणं, लाली, सूज वाढली तर खटल्यासाठी थांबू नका, लगेच दुसऱ्या सर्जनला दाखवा. रॉड काढावा लागलाच, तर तो टाकून न देता जपून ठेवायला आधीच लेखी सांगा.