‘होस्टनेम रिझॉल्व्ह होत नाही’ मराठीत कसं लिहावं?

प्रश्न असा: घरच्या राउटरला जोडलेला प्रिंटर नावाने सापडत नाही, पण आयपी पत्ता टाकला की छपाई होते. माहितीपुस्तिकेत या बिघाडाला ‘यजमाननामाचे निराकरण झाले नाही’ म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते नाही. निराकरण म्हणजे दूर करणं, खोडून काढणं. शंकेचं किंवा तक्रारीचं निराकरण झालं की ती उरत नाही. इथे नाव जागच्या जागीच राहतं. त्यावरून पत्ता तेवढा मिळायला हवा असतो. ‘यजमान’ही नको. नेटवर्कवर प्रिंटरसारखं साधं यंत्रही होस्टच असतं, त्याच्याकडे कुणी पाहुणा असायची गरज नाही. ‘यंत्राचं नाव’ म्हणा, नाहीतर रुळलेलं ‘होस्टनेम’च ठेवा.

क्रियापद मात्र मराठीत तयार आहे: पत्ता लागणे. ‘नावावरून प्रिंटरचा पत्ता लागत नाही’ या वाक्यात ठावठिकाणाही आला आणि आयपी पत्ताही.

तरी सगळीकडे हे एकच वाक्य वापरू नका. डीएनएस सर्व्हर (नाव दिलं की पत्ता सांगणारा) ‘असं नाव नाही’ म्हणतो, सर्व्हरकडून उत्तरच येत नाही, किंवा उत्तर येतं पण पत्ता जुना असतो, हे तीन निराळे बिघाड आहेत. पुस्तिका वाचणाऱ्याला पुढे काय तपासायचं ते या शब्दांवरूनच कळतं.

घरात पहिला प्रकार फार आढळतो. यंत्र डीएचसीपीने (राउटरकडून आपोआप पत्ता मिळवण्याच्या पद्धतीने) पत्ता मागताना सहसा आपलं नावही सांगतं, आणि डीएनएसमास्कसारखा प्रोग्राम चालवणारा राउटर ते लक्षात ठेवतो. प्रिंटरवर पत्ता हाताने भरला असेल तर ही मागणी होतच नाही, मग राउटरला नाव कळणार कुठून? किंवा लॅपटॉपवर ८.८.८.८ सारखा बाहेरचा डीएनएस सर्व्हर ठेवलेला असतो. घरातलं नाव त्याला माहीत असण्याचं कारणच नाही. ब्राउझरमधला ‘सुरक्षित डीएनएस’ही राउटरला असाच वगळून जाऊ शकतो.

‘डॉट लोकल’ने संपणाऱ्या नावांची रीत वेगळी. आरएफसी ६७६२ (२०१३) या इंटरनेटच्या नियमपत्राप्रमाणे ही नावं फक्त नेहमीच्या सर्व्हरला विचारून चालत नाही. संगणक २२४.०.०.२५१ या पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर, सगळ्यांना एकदम विचारतो, ‘हे नाव कुणाचं?’ आणि ज्याचं असेल ते यंत्र स्वतः उत्तर देतं. एनएसलुकअप (नावाचा पत्ता विचारणारा प्रोग्राम) मात्र थेट डीएनएस सर्व्हरकडे जातो. त्यामुळे त्याच नावाला पिंग (यंत्र उत्तर देतं का ते पाहणारा प्रोग्राम) लागतो आणि एनएसलुकअप ‘नाव नाही’ सांगतो, असं होऊ शकतं. अशा वेळी ‘नाव अस्तित्वात नाही’ हे भाषांतर चूक ठरतं. ‘या डीएनएस सर्व्हरला हे नाव माहीत नाही’ एवढंच खरं असतं, म्हणून तेवढंच लिहावं.

पुस्तिकेसाठी मी असं लिहीन: ‘नावावरून प्रिंटरचा पत्ता लागत नसेल, तर संगणक कोणत्या डीएनएस सर्व्हरला विचारतो आहे ते आधी पाहा. तिथे राउटरचा पत्ता असेल आणि तरीही राउटरला नाव माहीत नसेल, तर प्रिंटरवरचा हाताने भरलेला पत्ता काढून तो डीएचसीपीवर ठेवा. नावावरून जुनाच पत्ता मिळत असेल, तर संगणकावरची डीएनएसची साठवण (कॅशे) रिकामी करा.’