आधी पाखरू ओळखा

प्रिय ईरा,

काल फोनवर तू विचारलंस, "आई, मराठीत झाडापाखरांच्या एवढ्या कविता आहेत, पण त्यांच्यामुळे एक तरी झाड वाचलं का?" घाईत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

नुसत्या कवितेने कुऱ्हाड थांबत नाही, हे खरं. तुकोबांचं 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें' महाराष्ट्रात पोराटोरांनाही पाठ असतं, तरी शहरांतली झाडं वाचवायला १९७५ साली कायदा करावा लागला. पण कायदा आपण होऊन धावत येत नाही. झाड पडताना ज्याचा जीव तुटतो, तोच उठून हरकत नोंदवायला जातो. तो जीव तुटणं आकड्यांतून सहसा येत नाही. माझ्यात तरी ते कवितांमधून आलं.

बहिणाबाई चौधरींचंच बघ. जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्म, सगळं आयुष्य शेतात आणि घरकामात, अक्षरओळख नाही. ओव्या तोंडून यायच्या आणि घरातली माणसं त्या उतरवून घ्यायची. खोप्याच्या कवितेत त्यांची सुगरण पिलांसाठी झाडाला झोका टांगते, आणि शेवटी बहिणाबाई एकदम माणसाकडे वळतात:

तिची उलूशीच चोच
तेच दात, तेच ओठ
तुले देले रे देवानं
दोन हात, दहा बोटं

एवढ्याशा चोचीवर ती हे करते, मग तू काय करतोस? पर्यावरणावरचं इतकं नेमकं बोलणं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

आता एक गोष्ट. प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. गवताच्या पात्याची लांब चिरफळी चोचीने सोलून आणतो, गाठी मारत विणत जातो. अर्धा झाला की मादी येऊन पारखते, पसंत पडला तर पुढचं काम. बहिणाबाईंनी सगळं श्रेय तिला दिलंय. पण मी सुगरणीविषयी शोधून वाचलं ते या कवितेपायीच. कवितेने बघायला लावलं, आणि बघितल्यावर कवितेपेक्षा जास्त कळलं. मला हेच तिचं मोठं काम वाटतं.

काही कवींनी तर दोन्ही केलं. अजिंठ्याजवळच्या पळसखेड्याचे ना. धों. महानोर जन्मभर शेती करत कविता लिहीत राहिले, आणि पाणी अडवण्यासाठी, फळबागांसाठीही झटले.

वर्गात बोलायचं असेल तर खोपाच घे. आधी मराठीत म्हण, मग अर्थ सांग, मग विचार की शाळेच्या आवारात कोणते पक्षी घरटी करतात. कुणालाच नावं आली नाहीत तर आठवडाभर बघा आणि लिहून काढा. ती यादी जोडून मुख्याध्यापकांना पत्र द्या, की पिलं उडून जाईपर्यंत त्या झाडांच्या फांद्या छाटू नयेत. पत्राचा मसुदा मला दाखव, आपण दोघी मिळून नीट करू.

तुझी,
आई